आधी निगेटिव्ह बाजूला काढा, मग कॅमेऱ्यांची किंमत करू

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अंबाजोगाईला तुमच्या काकांचा फोटो स्टुडिओ होता. काका गेल्यावर माडीवरच्या लोखंडी पेटीत तीन कॅमेरे निघाले: याशिका मॅट १२४ जी, पेंटॅक्स के १००० आणि आग्फा क्लिक थ्री. त्यांच्याखाली बुटाच्या खोक्यांत निगेटिव्हचे लिफाफे. एका जुन्या वस्तू घेणाऱ्यानं फोनवर तिन्हींचे मिळून दोन हजार सांगितले. नात्यातला एक जण म्हणतो, असे कॅमेरे लाखात जातात. विकावेत का, किती येतील, आणि मुलाला त्यावर फोटो काढायचे असतील तर रोल आज मिळतो का, एवढं तुम्हाला हवंय.

रोल मिळतो, कॅमेरे वापरता येतात. दोन हजार आणि लाख हे दोन्ही आकडे चूक आहेत. पण विकण्याचं बोलण्याआधी एक गोष्ट मनापासून सांगतो. ती खोकी आज संध्याकाळीच पेटीतून बाहेर काढा आणि कोणत्याही सौद्यात घालू नका.

असं का म्हणतो ते सांगतो. १९९३ साली मी लातूरला एका स्टुडिओत शिकाऊ होतो. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. घरं पडली तसे भिंतीवरचे फोटो आणि कपाटातले अल्बमही ढिगाऱ्यात गेले. पुढच्या काही महिन्यांत त्या गावांतली माणसं स्टुडिओत येऊन विचारायची, 'चार वर्षांमागं आमच्या बहिणीचं लग्न तुम्हीच काढलं होतं, तिचा एखादा फोटो निघंल का?' आमच्या उस्तादांची लिफाफ्यावर तारीख, गाव आणि आडनाव लिहायची पद्धत होती. त्यामुळं बऱ्याच जणांना आम्ही माणसाचा चेहरा परत देऊ शकलो. ज्यांच्या निगेटिव्ह सापडल्या नाहीत त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. तुमच्या काकांच्या खोक्यांत अंबाजोगाईतल्या शेकडो घरांच्या अशा वस्तू असतील. जुन्या कृष्णधवल फिल्मवर चांदी असते, आणि एकेकाळी चांदीसाठी किलोवर निगेटिव्ह घेणारे गावोगाव फिरत. मराठवाड्यातल्या कित्येक स्टुडिओंचा पन्नास-पन्नास वर्षांचा साठा असाच वितळून गेला. लाखाची गोष्ट पेटीत असलीच तर ती या खोक्यांत आहे, आणि तिचा बाजारभाव निघत नाही.

अजिंठ्याचं उदाहरण देण्याचा मोह होतो. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून तिथं भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या तैलचित्र-नकला करत होता. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. पण त्यानं त्याच काळात कॅमेऱ्यानं काढलेले लेण्यांचे फोटो आज पाहता येतात. एका फोटोच्या अनेक प्रती निघतात, हाच फोटोचा मोठा आधार.

तर निगेटिव्हचं आधी. लिफाफा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती फिल्म सडायला लागली आहे. ती बाकीच्यांपासून वेगळी करा आणि तिचं स्कॅनिंग सगळ्यात आधी करून घ्या. चिकटलेल्या पट्ट्या ओढून सोडवू नका. प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून टाका, साधे कागदी लिफाफे बरे. पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पत्र्याखाली जे तापतं त्यात फिल्म लवकर म्हातारी होते. घरातली सगळ्यात थंड, कोरडी, मधली खोली निवडा. लिफाफ्यांवर काकांचं अक्षर असेल, ते लिफाफे फाटले तरी टाकू नका.

आता कॅमेरे. पहिलं काम म्हणजे मागचं झाकण न उघडणं. आत रोल असू शकतो. क्लिक थ्रीच्या पाठीला लाल खिडकी असते. तिच्यातून कागदावरचा आकडा किंवा खूण दिसली तर आत रोल आहे. पेंटॅक्सच्या डाव्या हाताला रोल परत गुंडाळायची घडीची दांडी आहे. ती उलगडून बाणाच्या दिशेनं अगदी हलकी फिरवा. ताण लागला तर फिल्म आहे, नुसतीच गरगर फिरली तर बहुधा नाही. याशिकाच्या बाजूच्या खिडकीत आकडा दिसत असेल तर सावध राहा, ते झाकण अंधाऱ्या खोलीतच उघडायचं. जुना, वापरलेला रोल निघाला तर तो नेहमीच्या रंगीत धुलाईला देऊ नका. वीस-तीस वर्षं पडलेली रंगीत फिल्मसुद्धा कृष्णधवल रसायनात धुतली तर तिच्यावर चांदीचं चित्र उमटण्याची शक्यता असते, रंग मात्र येत नाहीत. सेलूच्या एका घरातल्या क्लिक थ्रीमधला रोल मी असाच धुतला होता. बारापैकी तीन चित्रं आली. एकात पोळ्याला सजवलेली बैलजोडी आणि कासरा धरून उभा एक पोरगा. तो पोरगा म्हणजे कॅमेरा घेऊन आलेल्या माणसाचे वडील होते.

आता एकेक कॅमेरा बघू. क्लिक थ्रीवर फार वेळ घालवत नाही. तो बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनत असे आणि १२० रोलवर, म्हणजे कागदात गुंडाळलेल्या रुंद फिल्मवर, बारा चौकोनी फोटो देई. त्या काळी मध्यमवर्गीय घरातला पहिला कॅमेरा बहुधा हाच. एकच शटर स्पीड, तोही संथ. त्यामुळं आजची ४०० आयएसओची फिल्म (हा आकडा मोठा तितकी ती कमी उजेडात चालते) भर उन्हात घातली तर फोटो पांढरट येतील, १०० ची फिल्म लावा. लाखोंनी विकला गेलेला कॅमेरा असल्यानं किंमत फार येत नाही, चांगल्या अवस्थेतल्याला हजार-दीड हजार. तो मुलाला द्या. शिकायला यापेक्षा सोपं यंत्र नाही.

पेंटॅक्स के १००० हा १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं बनलेला कॅमेरा. आपल्याकडच्या लग्नांचे किती अल्बम यावर निघाले याची गणती नाही. सुरुवातीचे जपानमध्ये जोडलेले, नंतरचे हाँगकाँग आणि चीनमध्ये. समोर आसाही हे नाव कोरलेलं असेल तर तो आधीचा. संग्राहक त्याला थोडे जास्त देतात. फोटोत त्यामुळं फरक पडत नाही. या कॅमेऱ्याची मोठी गोष्ट अशी की बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरच्या काट्याला. बॅटरी मेली तरी खटका दाबला की फोटो निघतोच. बॅटरीही घड्याळवाल्याकडं मिळणारी एलआर ४४. मीटर बंद करायला बटण नाही, म्हणून लेन्सला झाकण लावून ठेवायचं. झाकण हरवलेलं असेल तर पहिली खरेदी तीच.

याशिका मॅट १२४ जी हा तुमच्या पेटीतला खरा ऐवज. १९७० ते १९८६ या काळात बनलेला, वरून खाली पाहून फोटो काढायचा दोन लेन्सचा कॅमेरा. वरची लेन्स बघायला, खालची फोटो काढायला. ८० मिलिमीटरची, एफ ३.५ ची लेन्स, एक सेकंदापासून एक पाचशेअंश सेकंदापर्यंतचं शटर. जी म्हणजे गोल्ड, म्हणजे मीटरच्या आतल्या बारीक संपर्कबिंदूंना दिलेला सोन्याचा मुलामा. 'लाखात जातो' ही अफवा कधीकधी या अक्षरावरून सुरू होते. त्यात काढून विकण्याजोगं सोनं नाही. या कॅमेऱ्याची किंमत दोनच गोष्टी ठरवतात: खालच्या लेन्सची काच आणि शटर.

तपासायचं कसं ते नीट सांगतो, कारण सगळा व्यवहार इथं फिरतो.

आतला रोल काढल्यावर, किंवा नाही याची खात्री झाल्यावर, मागचं झाकण उघडा. शटर बी वर लावून खटका दाबून धरा, म्हणजे लेन्स आरपार उघडी राहील. एका बाजूनं मोबाईलचा टॉर्च तिरपा धरा आणि दुसऱ्या बाजूनं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. चारदोन धूळकण असले तर काही बिघडत नाही. काचेवर सारखा धुकट थर असेल तर फोटोतला काळा रंग राखाडी येईल. काठाजवळ इंद्रधनुषी डाग दिसला तर दोन काचांमधला चिकटा सुटला आहे, तो दुरुस्त करणं कटकटीचं. बुरशी लवकर सापडली तर पुसून जाते. तिनं काचेवरचा लेप खाल्ला असेल तर खुणा कायमच्या.

बुरशी येते कशी? बहुतेक वेळा चामड्याच्या कव्हरमुळं. आपला मुलूख कोरडा म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण पावसाळ्यातले तीन महिने चामडं ओल धरतं आणि कॅमेरा त्यातच वर्षभर बंद असतो. कव्हर वेगळं ठेवा. आणि पेटीत डांबरगोळ्या किंवा कापूर असेल तर आजच काढा. कपड्यांना त्या ठीक, कॅमेऱ्याला त्यांची वाफ वाईट. जुन्या कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेतसुद्धा हे लिहिलेलं असतं.

मग शटर. एक सेकंदावर लावून खटका दाबा. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० चित्रं या वेगानं, ते चित्रित करा. एक सेकंदाला शटर साधारण २४० चित्रं उघडं दिसायला हवं, एक तीसांशला आठ. दोन-चार चित्रांचा फरक चालतो. एक सेकंदाला ते तीन सेकंद रेंगाळलं किंवा उघडंच राहिलं तर आतलं वंगण वाळून घट्ट झालंय. हा बिघाड अगदी सर्रास आढळतो, आणि सर्व्हिसिंगनं जातो. पेंटॅक्सचं शटर कापडी पडद्याचं आहे, त्याला एक सहस्रांशवर लावून मागून उजेडाकडं बघत खटका दाबा. चौकटीचा एक काठ अंधारा राहत असेल तर पडद्यांचा ताण बिघडला आहे.

याशिकावर आणखी एक लहान तरफ असते, दहा सेकंदांनी आपोआप फोटो काढणारी. तिला हात लावू नका. चाळीस-पन्नास वर्षं न हललेली ती यंत्रणा अर्ध्यात अडकली की शटरही अडकवते. फ्लॅशची खूण एक्स वर असू द्या. एम हे जुन्या बल्बच्या फ्लॅशसाठी आहे, आज त्याचा उपयोग नाही.

फिरवताना काही घट्ट लागलं तर जोर लावायचा नाही आणि तेल सोडायचं नाही. माझ्याकडं बिघडून आलेल्या कॅमेऱ्यांत शिलाई मशीनचं तेल घातलेले किती तरी निघाले. तेल पात्यांवर पसरतं, धूळ धरतं आणि शटर चिकटतं. दहा मिनिटांत होणारी चूक आणि दोन दिवसांचं काम. गंज काढायचा फवारा तर त्याहून वाईट. मागच्या झाकणाच्या खाचेतला काळा स्पंज मात्र तुम्ही घरी बदलू शकता. तो बहुधा डांबरासारखा चिकट झालेला असेल. लाकडी काडीला स्पिरिटचा कापूस लावून खरडून काढा आणि पातळ नवा स्पंज चिकटवा. तो नसेल तर फोटोवर केशरी पट्टे येतात आणि लोक लेन्सला दोष देतात.

याशिकाचं मीटर पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या बॅटरीवर चाले. पाऱ्यामुळं त्या बॅटऱ्या बाजारातून गेल्या. त्याच आकाराची अल्कलाइन मिळते, पण ती १.५ व्होल्टची, मीटर चुकीचं दाखवतं. उपाय औषधाच्या दुकानात किंवा श्रवणयंत्रवाल्याकडं आहे: ६७५ नंबरची बॅटरी, १.४ व्होल्टची. ती आकारानं लहान असते, भोवती रबरी वायसर घालावा लागतो. स्टिकर काढला की तिचं आयुष्य सुरू होतं, काही आठवडे चालते. आणि या कॅमेऱ्याचं वरचं झाकण उघडलं की मीटर चालू होतं, म्हणून काम झालं की झाकण मिटायचं. मीटर मेलेलंच असेल तरी हळहळू नका. मोबाईलवर मीटरचं ॲप मिळतं, आणि आपल्या उन्हाला तेही लागत नाही.

आता पैशाचं. माझ्या बघण्यातल्या व्यवहारांवरून सांगतो, भाव वरखाली होत राहतात. काच स्वच्छ, शटर सगळ्या स्पीडवर बरोबर, आणि हे दाखवता येत असेल तर याशिका पंधरा ते पंचवीस हजारांत जातो. शटर अडकलेलं, काचेत बुरशी असेल तर पाच-सहा हजारही जड. पेंटॅक्स ५० मिलिमीटरच्या लेन्ससह चालू असेल तर सात ते दहा हजार. म्हणजे दोन हजार सांगणाऱ्यानं तुम्हाला फसवायचं ठरवलं होतं. विकायचंच असेल तर आधी सर्व्हिसिंग करा आणि मगच भाव सांगा. आपल्या भागात हे काम करणारे हात आता मोजके उरलेत. मी अवघड काम देवगिरी एक्सप्रेसनं स्वतः मुंबईला नेतो, फोर्टातल्या बोराबाजारात अजून जाणते कारागीर भेटतात. नांदेड-परभणीचे लोक हैदराबाद जवळ म्हणून तिकडं जातात. कुरिअरनं पाठवत असाल तर पेंटॅक्सची लेन्स काढून वेगळी बांधा.

विकताना जी खोट आहे ती स्वतःहून सांगा. टॉर्चच्या उजेडातला लेन्सचा फोटो, एक सेकंदाच्या शटरचा व्हिडिओ आणि त्याच कॅमेऱ्यानं काढलेल्या एका रोलचे चार फोटो, एवढं दाखवलं की चांगला गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. हा रोल काढण्याचा खर्च वसूल होतो. ऑनलाइन विकलात तर एक फसवणूक कायम चालू आहे. समोरचा म्हणतो मी फौजेत आहे, कॅमेरा न बघता घेतो, पैसे पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की तुमचे पैसे जातात. परभणीतल्या एका शिक्षकांचे असे अठरा हजार गेले. ते माझ्याकडं कॅमेऱ्याची किंमत विचारूनच गेले होते, आणि तेव्हा मी ही सूचना दिली नव्हती याचं मला वाईट वाटतं. म्हणून आता प्रत्येकाला सांगतो.

मुलगा पुढं आणखी कॅमेरे घ्यायला लागला तर त्यालाही चार शब्द सांगा. जाहिरातीत 'तपासलेला नाही' असं लिहिलेलं असेल तर 'चालत नाही' असंच वाचायचं. एका बाजारात मला 'लाइका', म्हणजे महागडा जर्मन कॅमेरा, म्हणून दाखवलेला, सोनेरी मुलाम्याचा, जर्मन चिन्हं कोरलेला कॅमेरा मी पहिल्या वर्षांत मोठी रक्कम देऊन घेतला. तो निघाला रशियन झोर्की, वरून घासून नवी नावं कोरलेला. असे नकली लाइका जगभर फिरतात, आणि रशियन कॅमेरा म्हणून ते वाईट नसतात, पण भाव लाइकाचा लागतो. खऱ्या झोर्की-फेडमध्येही एक पथ्य आहे: आधी फिल्म पुढं सरकवायची, मगच स्पीडची चकती फिरवायची. उलटं केलं तर आतले दात मोडू शकतात. याशिका इलेक्ट्रो ३५ सारखे बॅटरीवरचे कॅमेरे घेताना फिल्म सरकवल्यावर आतून 'टक' असा आवाज येतो का ते ऐकायचं. न आल्यास आतली रबरी गादी झिजलेली असते. कॅनन एई १ चं शटर दाबल्यावर दम्यासारखा घर्र आवाज आला तर आरशाच्या यंत्रणेला वंगण हवंय. तो बॅटरीशिवाय मुळीच चालत नाही, हेही लक्षात ठेवा. ज्याला एकच कॅमेरा आयुष्यभरासाठी हवा त्याला मी निकॉन एफएम २ सांगतो, तो पूर्ण यांत्रिक आहे. पण तुमच्या घरी पेंटॅक्स असताना खर्च करायचं कारण नाही.

वापरण्याचा खर्च आधीच समजून घ्या. रंगीत रोल आज हजाराच्या मागं-पुढं, धुलाई आणि स्कॅन चार-पाचशे. म्हणजे दीड हजार धरा. पेंटॅक्सवर छत्तीस फोटो येतात, एक फोटो चाळीस-पंचेचाळीस रुपयांना. याशिकावर बारा येतात, एक फोटो सव्वाशेला. मुलाला हा हिशेब पहिल्या दिवशी सांगा. खटका दाबण्याआधी थांबून बघण्याची सवय त्यानंच लागते. एकेकाळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल आपल्या गल्लीत मिळायचा. तो सरकारी कारखाना बंद पडला, आज सगळी फिल्म बाहेरून येते, म्हणून हे भाव. मुलाला पेंटॅक्ससाठी पहिला रोल कृष्णधवल घेऊन द्या, इल्फर्ड एचपी ५ सारखा ४०० चा. चूक पोटात घालणारी फिल्म आहे. याशिकासाठी १२० रोल घ्या, आणि कॅमेऱ्यातली मागची दाबपट्टी १२० वर, म्हणजे बारा फोटोंच्या खुणेवर आहे ना ते बघा. फिल्मवरचा बाण आतल्या खुणेशी जुळवून झाकण लावायचं.

उन्हातला मीटरशिवायचा नियम जगभर एकच आहे: स्वच्छ ऊन असेल तर लेन्सचं छिद्र एफ १६ आणि शटर फिल्मच्या आयएसओइतकं. ४०० ची फिल्म म्हणजे एक पाचशेअंश. झाडाखाली दोन-तीन पायऱ्या उघडायचं, म्हणजे छिद्र एफ ८ किंवा ५.६ असं मोठं करायचं. पण आपल्याकडं दोन दगड मीटरला फसवतात. बीबी का मकबऱ्याचा पांढरा घुमट चौकटभर घेतला तर मीटरला वाटतं फार उजेड आहे, आणि घुमट राखाडी येतो. तिथं मीटर सांगेल त्यापेक्षा एक पायरी उघडा. औंढा नागनाथच्या काळ्या दगडी कोरीवकामावर उलट होतं, दगड पांढरट येतो, एक पायरी कमी करा. शंका असेल तेव्हा निगेटिव्ह फिल्मला उजेड थोडा जास्तच द्या. जास्त झालेला उजेड छपाईत सावरता येतो. कमी पडलेल्या सावलीत काहीच नसतं. वेरूळच्या पश्चिमाभिमुख कैलास लेण्यासाठी दुपार उलटल्यावरची वेळ चांगली, भर दुपारी सावल्या कोळशासारख्या पडतात. अजिंठ्याच्या चित्रांसाठी फिल्म कॅमेरा नेऊ नका. आत फ्लॅशला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. अंधारात ४०० ची फिल्म पुरत नाही. वाघोरा नदीचं वळण आणि लेण्यांची नालाकृती ओळ बाहेरून टिपा.

उन्हाळ्यात रोल मोटारसायकलच्या डिक्कीत किंवा गाडीच्या काचेमागं ठेवू नका. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसवर पारा गेला की आतलं तापमान कुठल्या कुठं जातं आणि रंग बिघडतात. न वापरलेला रोल फ्रिजमध्ये ठेवा, पण बाहेर काढल्यावर तास-दोन तास डबीतच राहू द्या, नाहीतर फिल्मवर दव धरतं. विमानानं जाणार असाल तर रोल हातातल्या पिशवीत ठेवून हातानं तपासायची विनंती करा, नवीन सीटी स्कॅनर न धुतलेल्या फिल्मला खराब करतात.

रंगीत रोल धुवायला बहुधा मुंबई-पुण्याला कुरिअर करावा लागेल. देताना स्पष्ट सांगा की निगेटिव्ह परत हव्यात. बऱ्याच जणांना फक्त स्कॅन हवे असतात म्हणून लॅबवाले त्या टाकून देतात. कृष्णधवल रोल मात्र घरी धुवा. रंगीत रसायनं ३८ अंशांना लागतात आणि तापमान जरा हललं की रंग बिघडतो. कृष्णधवलाचं मानक तापमान २० अंश आहे. अडचण आपल्या नळाची. एप्रिलमध्ये टाकीतलं पाणी पस्तिसाच्या पुढं असतं. उस्ताद रसायनाच्या बाटल्या रात्रभर रांजणाच्या पाण्यात बुडवून ठेवायचे आणि पहाटे धुलाई करायचे. मी आजही माठाचं पाणी आणि बर्फाच्या पिशव्या वापरतो. एचपी ५ ला डी ७६ या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणारं रसायन) २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात, २४ अंशांना पाच-साडेपाच. त्याच्या वर जाऊ नका. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेला की धुलाई डागाळते. सगळ्यात महत्त्वाचं, डेव्हलपर, हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि शेवटचं धुण्याचं पाणी एकाच तापमानाचं ठेवा. थंड रसायनातून फिल्म एकदम गरम नळाखाली धरली तर तिचा थर तडकल्यासारखा सुरकुततो आणि ते परत नीट होत नाही.

दुसरी अडचण बोअरच्या जड पाण्याची. फिल्म वाळली की पांढरे क्षाराचे ठिपके राहतात आणि ते आकाशात तारे उगवल्यासारखे छापले जातात. रसायन कालवायला डिस्टिल्ड वॉटर घ्या. धुणं साध्या पाण्यात चालेल, पण शेवटचं बुचकळणं आरओच्या जारच्या पाण्यात, त्यात ओलेपणा पसरवणाऱ्या द्रावाचे दोन थेंब. मग बाथरूममध्ये, धूळ नसलेल्या जागी, खाली चिमटा लावून टांगा. वापरलेला हायपो मोरीत ओतू नका, त्यात फिल्मवरून उतरलेली चांदी असते. डब्यात साठवा, एक्स-रेचा हायपो घेणारे तोही घेतात.

तर क्रम असा ठेवा. या आठवड्यात निगेटिव्ह बाहेर काढून वास घ्या आणि वेगळ्या करा. कॅमेऱ्यांत रोल आहे का ते बघा. मग पेंटॅक्समध्ये नवी बॅटरी आणि एक एचपी ५ घाला, मुलाला घेऊन योगेश्वरीच्या देवळापासून हत्तीखान्याच्या लेण्यांपर्यंत सकाळी आठच्या आत फिरून या. प्रत्येक फोटोचं छिद्र आणि स्पीड वहीत लिहायला सांगा. याशिका सर्व्हिसिंग होईपर्यंत विकू नका आणि वापरूही नका. रोल धुऊन झाला की निगेटिव्ह खिडकीसमोर धरून मोबाईलनं फोटो काढून पाठवा, सोबत ती वहीही. काय चुकलं ते मी फोटोगणिक सांगेन. काकांच्या लिफाफ्यांवरची तारीख आणि गावांची नावं मात्र त्याआधीच एका वहीत उतरवून ठेवा.